गनीमाने पाहिलेला सुहैल

गनीमाला कुणी विचारलं, बाई, थकलीस का, तर ती म्हणायची, थकायला सवड कुठे आहे? आणि असं म्हणता म्हणता जिथे असेल तिथे मटकन बसायची. सिनाईच्या या उघड्याबोडक्या डोंगरांत बसायला दगडांची वाण कधीच नव्हती. वाण होती सावलीची, पाण्याची आणि अलीकडे पावसाची. लहानपणी बापाने हातात काठी देऊन शेळ्या पुढ्यात घातल्या, तेव्हापासून साठी उलटेपर्यंत ती शेळ्यांच्या मागे चालत होती. मधे लग्न झालं, मुलं झाली, काही राहिली काही गेली, नवरा वारला. शेळ्या यातल्या कशासाठीच थांबल्या नाहीत, म्हणून तीही थांबली नाही.

बायकांनी शेळ्या राखायच्या आणि पुरुषांनी उंट नि बागा बघायच्या, अशी इथल्या जबालिया टोळीची जुनी वाटणी आहे. वाटणी कुणी केली ते विचारू नये, कारण ती पुरुषांनी केली असणार हे उघड आहे. परदेशी पाहुणे आले तर उंटाला काम असतं, नाही तर मालक आणि उंट दोघेही रवंथ करत बसतात. शेळीला मात्र रोज पोट असतं. गनीमा पहाटे चहा पिऊन, पातळ भाकरीची घडी आणि वाळवलेल्या दह्याचा एक खडा पदराला बांधून निघायची. दिवसभर कड्यांच्या कडेकडेने हिंडायची आणि ऊन उतरलं की परतायची. कुठल्या घळीत लांडग्याचं बीळ आहे, कुठल्या कपारीत चकोराने अंडी घातलीत, रानबोकड कुठल्या वाटेने पाण्यावर येतात, हे तिच्या पायांनाच ठाऊक होतं.

एके काळी तिच्या शेळ्या खिंडीतून उतरायला लागल्या की मागची शेळी दिसेपर्यंत पुढची पाण्याला लागलेली असायची. दुष्काळाने ती रांग तोडली. एकामागून एक वर्षं कोरडी गेली, झुडपांच्या काटक्या झाल्या, आणि गनीमाच्या कळपात बोटांवर मोजण्याएवढ्या शेळ्या उरल्या.

म्हणूनच त्या हिवाळ्यात एकदाचा पावसाचा लोंढा आला आणि जुऐदाच्या खोऱ्यात हिरवं फुटलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून खोऱ्याला हिल्फ घातला. हिल्फ म्हणजे सगळ्या घरांनी एकमेकांना दिलेला शब्द, की अमुक दिवसापर्यंत या खोऱ्यात कुणाची शेळी जाणार नाही. कुंपण नाही, राखणदार नाही. शब्द मोडला तर मोडणाऱ्याने आपली एक शेळी द्यायची, ती कापायची आणि हिल्फातल्या सगळ्यांनी मिळून खायची. शेळी जाते त्याचं काही नाही, सगळ्यांसमोर जाते त्याचं असतं.

हा अमुक दिवस म्हणजे सुहैल दिसण्याचा दिवस. मराठी माणूस ज्याला अगस्ती म्हणतो तोच हा तारा. उन्हाळा सरता सरता तो पहाटे दक्षिणेच्या कड्यावर अगदी बुटका उगवतो, आणि तोवर गवताचं बी पिकून मातीत पडलेलं असतं. मग शेळ्यांनी काडी न् काडी खाल्ली तरी पुढच्या पावसाला खोरं पुन्हा उगवतं. मोबाईलमध्ये सुहैलचाही पत्ता सापडतो म्हणे, पण हिल्फाला मोबाईलचा शब्द चालत नाही, माणसाचा लागतो. तो शब्द आधी गनीमाच्या सासूचा होता. सासूने मरायच्या आधी तिला खिंडीत नेऊन तारा दाखवला होता आणि बजावलं होतं की दिसला तर दिसला म्हण, नाही तर गप्प बस. तेव्हापासून गनीमा म्हणायची "दिसला", शेख ऊदा खोरं मोकळं झाल्याचं सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी बायका शेळ्या घेऊन आत शिरायच्या. तिला उलटून कुणी विचारलं नाही.

आणि त्याच गनीमाला आता दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही झालं. आधी मण्यांचं भरतकाम सुटलं. शेळ्या राखताना बायका बुरख्यावर मणी ओवतात. गनीमाने मणी ठेवून दिले आणि चाती हातात घेतली, कारण शेळीच्या केसांचं सूत आंधळ्यालाही काढता येतं. विचारलं तर म्हणायची की मणी महाग झालेत. पुढे माणसांचे चेहरे धुरकटले. ती आवाजावरून, खोकल्यावरून, चपलेच्या फरफटीवरून माणूस ओळखायला लागली आणि इतकी पटाईत झाली की कुणाला कळलं नाही असं तिला वाटायचं. खालच्या गावात डोळ्यांचे डॉक्टर येत असत. पण डोळे दाखवायचे म्हणजे डोळे गेलेत हे आधी घरी सांगायचं, आणि तिथेच तर तिचं घोडं पेंड खात होतं.

तिचा मुलगा सुवैलिम किनाऱ्यावरच्या हॉटेलात गाडी चालवायचा. त्याने खालच्या गावात सरकारी घर मिळवलं होतं, नळाचं. सून सबहा दोन लेकरं घेऊन अजून वरच्या दगडी घरात सासूपाशी राहत होती, आणि नळाचं नाव निघालं की तिचा चेहरा खुलायचा. सुवैलिमने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की आईचे पाय आणि डोळे चालताहेत तोवर शेळ्या राहू देत. ज्या दिवशी थकेल त्या दिवशी शेळ्या विकायच्या आणि सगळ्यांनी खाली जायचं. वाईट बोलला नव्हता तो. पण गनीमाने त्यातला 'विकायच्या' हा एकच शब्द ऐकला. शेळ्या गेल्यावर पहाटे उठून करायचं काय, नळ सोडून बसायचं? थकली तर ती होतीच. हाडं कुरकुरत होती, रात्री पाय ठणकायचे, कधी कधी चढावर बसलं की उठूच नये असं वाटायचं. पण थकणं वेगळं आणि थकले म्हणून सांगणं वेगळं.

त्या उन्हाळ्यात शेळ्यांची दशा बघवत नव्हती. जुऐदात गवत उभं, आणि अलीकडच्या उतारावर शेळ्या वाळलेल्या काटक्या चघळताहेत. वाऱ्याबरोबर गवताचा वास यायचा आणि शेळ्या खिंडीकडे तोंड करून ओरडायच्या. बायकांनी घरातलं पीठ कालवून घातलं, बागेतली पडलेली पानं गोळा करून घातली, पुठ्ठे घातले. विहिरीवर भेटल्या की दुसरा विषय नव्हता.

सगळ्यांत जास्त तोंड फुहेदाचं. ही शेख ऊदाची बायको, नात्याने गनीमाची चुलत जाऊ, वयाने बरीच लहान. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि नजर घारीची होती. डोंगरापलीकडचा बोकड कुणाचा हे ती अलीकडून सांगायची. गेली काही वर्षं सुहैलचे दिवस आले की फुहेदा विहिरीवर उगाच काही तरी बोलायची. आज पहाटे खिंडीत काय गार वारा होता, जाऊबाई, गेला होतात का? की गनीमा दुसऱ्या पहाटे जायची, दक्षिणेकडे तोंड करून उभी राहायची, आणि बदललेलं वारं अंगाला लागलं की खाली येऊन "दिसला" म्हणायची. आपण वाऱ्यावरून ओळखतो याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

यंदा फुहेदा विहिरीवर गप्प होती. एक-दोनदा फक्त म्हणाली, की जाऊबाई, सगळं तुमच्या तोंडाकडे बघतंय.

गनीमाने इतर खुणा पाहिल्या, म्हणजे चाचपल्या. ऊदाच्या बागेतले अंजीर हाताला मऊ लागत होते. एरवी सुहैलच्या सुमाराला खालच्या डोहावर येणारे रानबोकड आताच येऊ लागले होते; त्यांच्या खुरांनी सरकलेले दगड रोज पहाटे तिच्या कानावर येत. शेळ्यांचे केस सुटायला लागले होते. तिने मनाशी हिशेब केला: अंजीर आले, बोकड उतरले, केस सुटले, म्हणजे तो आलाच, मलाच तेवढा दिसत नाहीये. वर्षभर शिणलेली बाई पहाटे खिंडीत उभी राहिली. वारा नव्हता. दक्षिणेकडे तिला नेहमीसारखंच दूध सांडल्यागत दिसत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्यात काही तरी लकाकलं. ते पाणीच होतं. पण लकाकलं हे खरं.

खाली येऊन तिने विहिरीवर सांगितलं, "दिसला."

बायकांच्या हातातले दोर थांबले. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या आणि कुणी तरी पळत ऊदाला सांगायला गेली.

दुसऱ्या दिवशी खोरं उघडलं. शेळ्या खिंडीतून अशा सुटल्या की त्यांच्यामागे धावायचं त्राण कुणात राहिलं नाही. बायकांनी काटक्या पेटवून चहा ठेवला. कितीतरी महिन्यांनी कुणी तरी हसलं. सबहासुद्धा लेकरांना घेऊन आली होती आणि म्हणाली, आत्याबाई, आज तुमच्यामुळे. गनीमा दगडाला टेकून बसली. चारी बाजूंनी शेळ्यांच्या तोंडांचा खरखर आवाज येत होता, आणि हा आवाज ऐकत मेलं तरी चालेल असं तिला वाटलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा दुपारची झोपली.

तिसऱ्या दिवशी बसल्या जागी तिने सहज हात लांब केला. गवताचा तुरा हाताला लागला. सवयीने तिने तो दोन बोटांत धरून चुरडला. सुहैलच्या दिवसांत असा तुरा चुरडला की तळहातावर फोल आणि वाळूसारखं बी पडतं. तिच्या बोटांना ओलं लागलं. तिने बोटं नाकाशी नेली. दुसरा तुरा तोडला, तिसरा तोडला. गुडघ्यांवर रांगत ती पुढे गेली आणि झुडपांची बोंडं चाचपली. तीही बंद होती. दाणा अजून चिकात होता.

अंजीर उन्हाने पिकले नव्हते, तहानेने पिकून गळत होते. बोकड हंगामाने नाही, वरचे झरे आटले म्हणून उतरले होते. केस गळत होते ते उपासाने. दुष्काळ येऊन सगळ्या खुणा पुढे ओढून गेला होता, एक तारा आणि एक गवत सोडून. आणि शेळ्या ते कोवळं गवत बियांसकट ओरबाडत होत्या.

तिने फुहेदाला हाक मारून शेळ्या माघारी वळवायला सांगितलं. फुहेदा म्हणाली, आता कशाला? त्या आवाजात आश्चर्य नव्हतं, पण गनीमाच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही. ती काठी टेकत, ठेचकाळत, कुणाची सोबत न घेता ऊदाच्या बागेत पोचली. ऊदा भिंतीचे ढासळलेले दगड लावत होता.

"भाऊजी, खोरं बंद करा."

"परवाच तर उघडलंय, वहिनी."

"मी सुहैल पाहिला नाही."

ऊदाने हातातला दगड खाली ठेवला. मग त्याने विचारलं, की मग सांगितलंत कसं?

"मला माझ्या शेळीचं तोंड दिसत नाही, सुहैल कुठला दिसतोय? अंजिरावरून सांगितलं. चुकलं. बी पडलेलं नाही खाली, पुढच्या वर्षी तिथे दगड उगवतील. बंद करा."

खोरं संध्याकाळीच बंद केलं. पण तीन दिवसांत अख्ख्या टापूतल्या भुकेल्या शेळ्यांनी ठेवायचं ते काय ठेवलं होतं? वरच्या टोकाला थोडं हिरवं राहिलं, बाकी खोरं कातरल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळी घरं ऊदाच्या बागेत जमली. बदामाच्या झाडाखाली पुरुष, भिंतीकडेला बायका. खोटा शब्द हा मोडलेल्या शब्दापेक्षा जड, असं कुणी तरी म्हातारा म्हणाला. गनीमाने वाद घातला नाही. सगळ्यांत जुनी, कळपाच्या पुढे चालणारी शेळी तिने सबहाला सोडून आणायला सांगितली. सबहा जागची हलेना. तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं, की आपली सासू गेली तीन वर्षं रोज कड्याच्या कडेने आंधळेपणाने जा-ये करत होती, आणि ती भिंतीला तोंड करून रडत होती. नळाचं घर हवं होतं तिला, पण असं नको होतं.

गनीमा म्हणाली की रड नंतर, आधी शेळी आण.

शेळी कापली. मोठ्या परातीत भात आणि मटण आलं. हिल्फातल्या प्रत्येकाने हात लावायचा, तेव्हा दंड फिटला असं होतं. लोकांनी हात लावले. बायकांच्या परातीपाशी फुहेदा मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेजारणीने कोपराने ढोसलं, तरी तशीच.

"मला माहीत होतं," ती एकदम म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण पुरुषांकडचं बोलणं थांबलं. "तीन वर्षं सुहैल मीच आधी बघत होते. जाऊबाईंना दिसत नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं. विहिरीवर वाऱ्याचा विषय काढायचे, म्हणजे त्या जातील आणि सांगतील. मान त्यांचा होता, तो त्यांच्याकडेच राहावा म्हणून. यंदा रोज पहाटे खिंडीत जाऊन आले. तारा नव्हता. जाऊबाईंनी 'दिसला' म्हटलं तेव्हा मी तिथेच उभी होते."

ऊदाने बसल्या जागेवरून विचारलं, "मग तोंड का शिवलं होतंस?"

"माझ्या शेळ्या उपाशी होत्या," फुहेदा म्हणाली.

त्यानंतर बागेत कुणीच बोललं नाही. परातीपाशी बसलेल्या दुसऱ्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या, त्यावरून माहीत असलेली फुहेदा एकटीच नव्हती हे दिसत होतं. निदान ज्यांना दिसत होतं त्यांना. गनीमाला फक्त ती शांतता ऐकू आली, आणि ती तिला पुरली. विहिरीवरच्या गार वाऱ्याच्या गप्पा, आपला मनातला अभिमान, सगळं तिने एकदा मागे जाऊन पाहिलं. तिला राग यायला हवा होता. यायचाही होता बहुतेक; पण तो यायलासुद्धा अंगात जोर लागतो.

ऊदा घसा खाकरून म्हणाला, की असं असेल तर दंड एका घराचा कसा, पुन्हा विचार करावा लागेल. गनीमाने हात हलवला. शब्द तिने दिला होता, शेळी तिची गेली, तिच्यापुरतं ते संपलं होतं. तिने परातीत चाचपून एक बरासा तुकडा काढला आणि फुहेदाच्या दिशेने धरला.

"खा गं. तुझ्या शेळ्या पोटभर जेवल्या, तू कशाला उपाशी राहतेस?"

फुहेदाने तो घेतला. टोमणा होता की माया, हे तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. खाताना ती रडत होती.

सुवैलिम गाडी घेऊन आला. आधी आईवर भडकला, मग तिच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवून बघताना त्यालाच रडू फुटलं. डोळे दाखवू, होईल तेवढं करू, म्हणाला. शेळ्यांचं त्याने काही काढलं नाही, गनीमानेच काढलं. दोन फुहेदाला दे म्हणाली, बाकीच्या वीक. सबहाने गाठोडी बांधली. अंथरूण, भाकरीचा तवा, चहाची किटली. इतक्या वर्षांच्या संसाराचं ओझं एका गाडीच्या मागच्या कोपऱ्यात मावलं.

निघायच्या दिवशी पहाटे फुहेदा धापा टाकत आली. तारा आला होता, खराखुरा. कड्याच्या वर बोटभर. तिला गनीमाला हाताला धरून खिंडीत न्यायचं होतं, एकदा तिच्या तोंडून निघावं म्हणून. गनीमा उंबऱ्यावर बसली होती. चढ ती आता चढणार नव्हती.

"तू पाहिलास ना? मग दिसला," ती म्हणाली. "आता यापुढे तूच सांगत जा. पण एकटी जाऊ नकोस. दोघी-तिघींना बरोबर ने, त्यातली एक तरी अशी ने की जिच्या शेळ्या जेवलेल्या असतील. भुकेल्या माणसाला तो कुठेही दिसतो, फुहेदा. डोळे चांगले असले तरी."

मग तिने हात पुढे केला, आणि फुहेदाने तिला उठवून गाडीपर्यंत नेलं.